स्टेशनावरचं वायफाय फोनवर चालते, लिनक्स लॅपटॉपवर मात्र लॉगिनचं पानच उघडत नाही

पऱ्हाटी · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका खेड्यातून अमरावतीला कॉलेजसाठी अप-डाउन करते. बीएस्सी कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष आहे. गावात लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरचीही बॅटरी बसते आणि फोनचं नेट जाते. त्यामुळे अर्ज भरणं, असाइनमेंट पाठवणं, पॅकेज उतरवणं ही सगळी कामं मी संध्याकाळी गाडीची वाट पाहता पाहता स्टेशनावरच्या वायफायवर उरकायचा प्रयत्न करते.

लॅपटॉप रिफर्बिश्ड घेतलेला आहे, ४ जीबी रॅमचा. ज्यांच्याकडून घेतला त्यांनीच विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ टाकून दिलं. अडचण अशी आहे: स्टेशनाचं वायफाय यादीत दिसते, क्लिक केलं की जोडलंही जाते, खालच्या पट्टीवर चिन्ह येते. पण मोबाइल नंबर टाकून ओटीपी मागायचं जे पान आहे ते उघडतच नाही. फायरफॉक्स म्हणते सर्व्हर सापडला नाही. त्याच बाकावर, त्याच वेळी माझ्या फोनवर ते पान लगेच येते. घरी भावाच्या हॉटस्पॉटवर हाच लॅपटॉप व्यवस्थित चालतो.

महाडीबीटीचा अर्ज भरायचा आहे. फोनवर कागदपत्रं चढवताना फार त्रास होतो, म्हणून लॅपटॉपच चालू व्हायला हवा. कुठून तपासायला सुरुवात करू?

नवेगाव · सोमवार, रात्री १०:०५

माझं दुखणं याच्याही आधीचं आहे. गोंदियाकडे राहतो. माझ्या लॅपटॉपला वायफाय कार्ड आहे हेच मिंट मानत नाही. यादीच येत नाही. धाग्यावर बसून घेतो.

धानोरा · सोमवार, रात्री १०:२०

ताई, सरळ विंडोज टाका. चार कामं पटकन होतील. अर्जाची तारीख निघून जाईल नाही तर.

रामटेकी · सोमवार, रात्री ११:१५

धानोरा, तुमची कळकळ समजते, पण ४ जीबी रॅमवर आजचं विंडोज टाकलं तर अर्जाचं पान उघडायलाच वेळ लागेल. शिवाय तिचं कार्ड चालते, ड्रायव्हर चालतो, घरी नेट चालते. म्हणजे बिघाड लहान जागेत आहे. शेतात मोटर फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा आपण आधी फुटव्हॉल्व्ह पाहतो, नवी मोटर आणत नाही. इथंही तसंच करू.

पऱ्हाटी, आधी हे ध्यानात घे की सार्वजनिक वायफायवर ‘जोडलं गेलं’ म्हणजे नेट आलं असं नाही. आधी रेडिओ चालू हवा. मग लॅपटॉप त्या ठिकाणच्या खोक्याशी जोडला जातो. मग त्याला आयपी पत्ता मिळतो. मग गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटकडे जायचं दार, तिथपर्यंतचा रस्ता. मग नाव विचारलं की पत्ता सांगणारा डीएनएस. मग लॉगिनचं पान. आणि ते पान सुरक्षित असेल तर लॅपटॉपचं घड्याळ बरोबर असणं. यातली एक कडी तुटली तरी पडद्यावर माणसाला एकच गोष्ट दिसते: नेट नाही. म्हणून कोणती कडी तुटली हे शोधल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. इंटरनेटवर सापडलेले दहा आदेश एकामागून एक टाकणारी पोरं मी पाहिली आहेत. शेवटी मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवे तीन तयार होतात.

आता ते लॉगिनचं पान येते कसं ते सांगतो, कारण तुझा प्रश्न तिथंच आहे. स्टेशनाचं वायफाय उघडं असते, पासवर्ड नसतो. तू ओटीपी देईपर्यंत गेटवे तुला बाहेर जाऊ देत नाही. तुझा ब्राउझर साधं, कुलूप नसलेलं पान मागतो तेव्हा गेटवे मध्येच ती मागणी अडवतो आणि ‘आधी इकडे ये’ म्हणून लॉगिनच्या पानाकडे वळवतो. ही वळवावळवी फक्त साध्या एचटीटीपीवर होते. एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलूपबंद, पानावर गेटवेनं हात घातला तर ब्राउझरला प्रमाणपत्र चुकीचं दिसते आणि तो नकार देतो, आणि ते योग्यच आहे. आज जवळपास सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत, म्हणून गूगल उघडून लॉगिनचं पान येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

यासाठी लिनक्समधला जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर एक लहानसं साधं पान अधूनमधून मागून पाहतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचेच प्रकार आणि गनोम हा त्यावरचा डेस्कटॉप. उबुंटूचं त्यासाठी वेगळं पान आहे, फेडोराचं वेगळं, गनोमचं वेगळं. ठरलेलं उत्तर आलं तर नेट आहे, दुसरंच काही आलं तर मध्ये लॉगिनचं पान आहे असं तो समजतो. गनोम डेस्कटॉपवर मग एक छोटी खिडकी आपोआप उघडते. डेबियनवर ही तपासणी मुळात चालू नसते, तिचं पॅकेज वेगळं टाकावं लागते. फायरफॉक्सही स्वतःच्या पद्धतीनं हेच ओळखतो आणि वर एक पट्टी दाखवतो.

उद्या स्टेशनावर गेलीस की एवढं कर. मोबाइलवरून लिहितोय म्हणून आदेश देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत आणि लहान लिपीत टाक.

‘आयपी ॲडर’ टाकून वायफायच्या नावाखाली पत्ता आला का पाहा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता असेल तर समोरून पत्ता मिळालेलाच नाही.

‘आयपी राउट’ टाकून डिफॉल्ट या ओळीत कोणता पत्ता आहे ते लिहून घे. तो गेटवे. त्याला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येते का पाहा. काही ठिकाणी पिंग बंद ठेवलेलं असते, त्यामुळे उत्तर नाही आलं तरी घाबरू नकोस.

मग ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’. यात डीएनएस सर्व्हर कोणता आणि त्याच्या वरच्या ओळीत काय काय चालू आहे, ते सगळं इथं टाक.

शेवटी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे स्थळ उघडून पाहा. याच कामासाठी ते मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेलं आहे. ते नाही आलं तर पत्त्याच्या पट्टीत गेटवेचा आकडा टाकून पाहा.

संत्राबाग · मंगळवार, सकाळी ६:५०

काकांनी छान सांगितलं. मी मोर्शीकडे शाळेवर आहे, आमच्या मुलांनाही हाच प्रश्न पडतो. एक विचारू का? गाडी सुटली की वायफाय का जाते? मुलांना वाटते गाडीतही तेच मिळायला पाहिजे.

रामटेकी · मंगळवार, सकाळी ८:१०

संत्राबाग, ते वायफाय स्टेशनाचं आहे, गाडीचं नाही. स्टेशनांवर ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. तेव्हा रेल्वेचीच कंपनी रेलटेल आणि गूगल दोघं मिळून करत होते. २०२० मध्ये गूगल बाहेर पडलं. रेलटेलनं काम पुढे चालू ठेवलं आणि आज सहा हजारांवर स्टेशनांवर ते आहे. म्हणून आपल्याकडच्या लहान लहान स्टेशनांवरही ते सापडते. दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट, तीही १ एमबीपीएसच्या वेगानं. त्यापुढे पैसे भरून घ्यायचं. मार्च २०२१ मध्ये हे सशुल्क प्लॅन आले तेव्हा एका दिवसाला १० रुपयांत ५ जीबी मिळत होतं.

धावत्या गाडीत नेट देण्याचा प्रयोग हावडा राजधानीत उपग्रहाच्या जोरावर झाला होता. खर्च परवडत नाही म्हणून तो सोडून दिल्याचं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत धावते, त्या गाड्यांतलं हॉटस्पॉट डब्यातली करमणूक फोनवर पाहण्यासाठी आहे. त्यावरून अर्ज भरता येईल असं मुलांना सांगू नका.

आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या डब्यातही ते क्षीण होते. डबा लोखंडी, एसी डब्याच्या काचाही सिग्नल अडवतात. दोन मिनिटांच्या थांब्यात खिडकीतून ओटीपी मागवण्यापेक्षा गाडी येण्याआधी बाकावर बसून काम करावं.

सेतूवाला · मंगळवार, दुपारी १:३०

रामराम. मी मूर्तिजापूरकडे आपले सरकार केंद्र चालवतो. माह्याकडं लोक जुने लॅपटॉप घेऊन येतात, त्याईच्यात एक गोष्ट लय पाहिली म्हणून सांगतो. काकांनी शेवटी घड्याळाचं म्हटलं ना, ते हसण्यावारी नेऊ नका.

मागच्या महिन्यात एक पोट्टा आला. म्हणे दादा, वायफाय जुळते, ओटीपीचं पान येते आन् लगेच लाल इशारा देते, सुरक्षित नाई म्हणते. मी उजव्या कोपऱ्यात पाहिलं तं लॅपटॉपात तारीख होती १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवर जो बटनासारखा सेल असते, सीआर २०३२, तो मेला होता. लॅपटॉपची मोठी बॅटरीबी मेलेली, म्हणजे प्लग काढला का घड्याळ मागं. आता पानाचं प्रमाणपत्र आजच्या तारखेचं, लॅपटॉप म्हणते हे तं अजून सुरूच झालं नाई. म्हणून नकार. घरी नेट भेटलं का लिनक्स आपोआप घड्याळ जुळवून घेते, म्हणून घरी पत्ता लागत नाई. स्टेशनावर लॉगिन झाल्याबिगर नेट नाई, नेट नसल्यावर घड्याळ जुळत नाई, घड्याळ जुळल्याबिगर लॉगिन नाई. फसलं बिचारं.

फोनमधली तारीख-वेळ पाहून हातानं टाकली, पान उघडलं. मंग सेल बदलून देला. किरकोळ पैशाचा सेल हाय, पण त्याच्यापायी त्या पोट्ट्यानं दोनदा लिनक्स नव्यानं टाकून पाहिलं होतं. लॅपटॉप घेतानाच तारीख पाहत जा बाप्पा.

पऱ्हाटी · मंगळवार, रात्री ९:२०

सेतूवाला दादा, तारीख पाहिली, माझी बरोबर आहे.

काका, सगळं लिहून आणलं. आयपी पत्ता मिळाला, १० नं सुरू होणारा. डिफॉल्टची ओळ आहे. गेटवेला पिंग केलं तर उत्तर येते. नेव्हरएसएसएल उघडलं नाही, ‘सर्व्हर सापडला नाही’ हेच.

रिझॉल्व्हसीटीएलमध्ये वर ग्लोबल म्हणून भाग आहे. त्यात प्रोटोकॉल्सच्या ओळीत ‘अधिक डीएनएसओव्हरटीएलएस’ असं दिसते, म्हणजे अधिकचं चिन्ह आणि मग ते नाव. डीएनएस सर्व्हर १.१.१.१. खाली वायफायच्या भागात स्टेशनाकडून आलेला वेगळा पत्ता आहे, पण तिथंही तेच अधिकचं चिन्ह आहे. पत्त्याच्या पट्टीत गेटवेचा आकडा टाकला तेव्हा एकदम दुसऱ्या एका नावाकडे वळवलं, आणि पुन्हा तेच, सर्व्हर सापडला नाही.

रामटेकी · मंगळवार, रात्री ९:५५

सापडलं. फार नीट लिहून आणलंस, म्हणून लगेच दिसलं.

तुझ्या लॅपटॉपवर नावाचा पत्ता विचारण्याचं काम कुलूपबंद मार्गानंच करायचं, दुसऱ्या मार्गानं अजिबात नाही, असं कोणीतरी ठरवून ठेवलं आहे. ज्यांनी मिंट टाकून दिलं त्यांनी सुरक्षिततेच्या चांगल्या हेतूनंच केलं असेल. हा मार्ग ८५३ क्रमांकाच्या पोर्टावरून जातो. लॉगिन होईपर्यंत गेटवे तो पोर्ट बाहेर सोडत नाही. आणि स्टेशनाचा स्वतःचा डीएनएस कुलूपबंद भाषा बोलत नाही, म्हणून तुझा लॅपटॉप त्यालाही विचारत नाही. गेटवेनं तुला लॉगिनच्या नावाकडे बरोबर वळवलं, पण त्या नावाचा पत्ता सांगणारं कोणी उरलंच नाही. भावाच्या हॉटस्पॉटवर असं अडवणारं कोणी नसते, म्हणून तिथं सगळं सुरळीत.

‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘सिस्टिमडी’, त्यात ‘रिझॉल्व्हड डॉट कॉन्फ’ अशी फाइल आहे. ॲडमिनचे अधिकार घेऊन ती उघड. डीएनएस आणि डीएनएसओव्हरटीएलएस या दोन ओळींच्या आधी हॅशचं चिन्ह टाक, म्हणजे त्या निकामी होतील. मग सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा रीस्टार्ट कर, नाही तर सरळ लॅपटॉपच बंद करून चालू कर. कुलूपबंद मार्ग हवाच असेल तर ‘येस’च्या जागी ‘ऑपॉर्च्युनिस्टिक’ लिही. मग जमेल तिथं तो कुलूप वापरेल, नाही जमलं तर साध्या मार्गानं विचारेल. माझा सल्ला, तुझ्यासारख्या रोज वेगवेगळ्या वायफायवर जाणाऱ्यानं हेच ठेवावं.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्येही डीएनएसचा असाच एक भाग आहे. तिथं ‘मॅक्स प्रोटेक्शन’ निवडलेलं असेल तर ‘डिफॉल्ट’वर आण. आणि व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा कुलूपबंद बोगदा) आपोआप सुरू होत असेल तर ते आधी बंद, लॉगिन झाल्यावर चालू. हा क्रम उलटा झाला की पान येत नाही.

पैनगंगाकाठ · बुधवार, पहाटे २:१५

नमस्कार, मूळचा पुसदचा, सध्या कामानिमित्त जर्मनीत आहे. रेल्वेचं वायफाय आणि लिनक्स हा विषय पाहून राहवलं नाही. इथल्या आयसीई गाड्यांत धावत्या डब्यात वायफाय असते, आणि इथल्या लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये त्याचा एक किस्सा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यापैकी जे कॉलेजात डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं साधन) शिकताहेत त्यांना तो उद्या कुठल्याही वायफायवर भेटू शकतो.

लक्षणं पऱ्हाटीसारखीच. वायफाय जुळते, आयपी मिळतो, फोनवर पान येते, लॅपटॉपवर येत नाही. पण कारण अगदी निराळं. डॉकर टाकलं की तो लॅपटॉपच्या आतच स्वतःची खोटी नेटवर्कं तयार करतो. पहिलं १७२.१७.०.०/१६ या पट्ट्यात, म्हणजे १७२.१७ नं सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांत. मग डॉकर कंपोजनं नवीन प्रकल्प उघडला की त्याला १७२.१८, पुढच्याला १७२.१९, असं चढत जाते. आणि आयसीईतलं वायफाय नेमकं १७२.१८ च्या पट्ट्यातले पत्ते वाटते.

‘आयपी राउट’ टाकलं की असं दिसते: डिफॉल्ट व्हाया १७२.१८.०.१, वायफायच्या नावानं. आणि त्याच्याच खाली १७२.१८.०.०/१६, पण ‘बीआर’ आणि पुढे एक लांबलचक आकडा अशा नावाच्या, डॉकरनंच बनवलेल्या पुलावर. म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, वाटते की १७२.१८.०.१ हा माणूस घरातच बसला आहे. त्याच्याकडे जायचं पाकीट बाहेर पडतच नाही, लॅपटॉपच्या आतल्या आत फिरते. कोणाचाच दोष नाही, दोघांनीही खाजगी वापरासाठी मोकळ्या असलेल्या पत्त्यांतूनच घेतलं आहे. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा सगळा पट्टा त्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

तात्पुरता उपाय: त्या प्रकल्पाचं कंपोज डाउन करा, पूल निघून जातो, पान येते. कायमचा उपाय: ‘ईटीसी’मधल्या ‘डॉकर’ फोल्डरात ‘डीमन डॉट जेसन’ ही फाइल बनवा. तिच्यात ‘बीआयपी’ आणि ‘डिफॉल्ट ॲड्रेस पूल्स’ या दोन नोंदींत क्वचित कोणी वापरत असेल असा पट्टा द्या, उदाहरणार्थ १०.२०० नं सुरू होणारा, प्रत्येक नेटवर्कला /२४ चा, म्हणजे २५६ पत्त्यांचा तुकडा. मग डॉकर रीस्टार्ट. पण लक्षात ठेवा, आधी बनलेली नेटवर्कं जुनाच पट्टा धरून बसतात. ती काढून पुन्हा बनवावी लागतात, नाही तर फाइल बदलूनही काहीच बदललं नाही असं वाटेल.

रामटेकी · बुधवार, सकाळी ७:३०

पैनगंगाकाठ, हे इथं लिहिलंत फार बरं झालं. अमरावती-नागपूरच्या कॉलेजांतली पोरं आता पहिल्याच वर्षी डॉकर टाकतात, आणि मग कॉलेजच्या वायफायवर काही पानं उघडतात, काही नाही. तिथंही आधी ‘आयपी राउट’च पाहावं. एकच पट्टा दोन ठिकाणी दिसला की समजायचं.

पऱ्हाटी · बुधवार, रात्री ८:५०

काका, झालं! दोन ओळींपुढे हॅश टाकला, लॅपटॉप चालू-बंद केला, स्टेशनावर जोडल्याबरोबर फायरफॉक्सनं वर पट्टी दाखवली, ओटीपी टाकला आणि नेट सुरू. अर्जातली तिन्ही कागदपत्रं चढली. उत्पन्नाचा दाखला फोनवरून कधीच चढत नव्हता, तो एका दमात गेला.

आता दुसरं. मध्ये बाक बदलला तेव्हा वायफाय सुटलं, परत जोडलं तर पुन्हा ओटीपी मागितला. फोन तसं करत नाही.

रामटेकी · बुधवार, रात्री ९:३०

अभिनंदन. दाखला चढला हे वाचून बरं वाटलं.

पुन्हा ओटीपी मागण्याचं कारण बहुधा मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक. गेटवे तुला वायफाय कार्डाच्या मॅक पत्त्यावरून ओळखतो. नेटवर्कमॅनेजरला दर जोडणीला नवा खोटा पत्ता बनवायला सांगितलेलं असेल तर गेटवेच्या दृष्टीनं प्रत्येक वेळी नवीन माणूस आला. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘क्लोन्ड मॅक ॲड्रेस’ असा रकाना आहे. तिथं ‘रँडम’ असेल तर ‘स्टेबल’ कर. स्टेबलमध्ये खरा पत्ता झाकलेला राहतो, पण त्या एका वायफायसाठी दर वेळी तोच खोटा पत्ता जातो. अनोळखी ठिकाणी माग राहू नये यासाठी रँडम चांगलं, हे मी मानतो. पण जिथं आपण आपला मोबाइल नंबर देऊनच आत जातो तिथं त्याचा फायदा उरत नाही.

आणि बाक बदलल्यावर सुटलंच का, तेही पाहा. उबुंटू आणि मिंटमध्ये वायफायची वीजबचत चालू ठेवलेली असते. सिग्नल क्षीण असेल तर काही रिअलटेक कार्डं त्यात झोपी जातात. ‘ईटीसी’, ‘नेटवर्कमॅनेजर’, ‘कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन’ नावाची फाइल आहे. तिच्यात ३ आहे तिथं २ लिहिलं की बचत बंद. बॅटरी थोडी जास्त जाईल.

संत्राबाग · बुधवार, रात्री १०:१०

उघड्या वायफायवर मुलींनी आधार, उत्पन्नाचा दाखला असं चढवावं का? मला काळजी वाटते.

रामटेकी · बुधवार, रात्री १०:४०

काळजी रास्त आहे. पासवर्ड नसलेल्या वायफायवर हवेतून जाणारं सगळं शेजारचा माणूस टिपू शकतो. मात्र पान एचटीटीपीएसचं असेल तर त्याला फक्त कोणत्या स्थळाशी बोलणं चालू आहे तेवढंच कळते, आत काय गेलं ते नाही. म्हणून मुलांना तीन सवयी लावा. कागद चढवण्याआधी पत्त्याच्या पट्टीतलं नाव अक्षर न् अक्षर वाचायचं. प्रमाणपत्राचा लाल इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही. सेतूवाल्यांनी सांगितलेलं घड्याळ तपासायचं, आणि ते बरोबर असूनही इशारा आला तर तिथून उठायचं. स्टेशनाच्या नावासारखंच नाव देऊन कोणीही फोनवरून हॉटस्पॉट उघडू शकतो. लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी सोडून एटीएमचा आकडा, पिन असं काही मागितलं तर ते पान खोटं समजा. बँकेचं काम शक्यतो फोनच्या स्वतःच्या डेटावर करावं. लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत आहे, मिंटच्या मेनूत ‘फायरवॉल कॉन्फिगरेशन’ म्हणून मिळते. ती एकदा चालू करून ठेवली की झालं.

पऱ्हाटी · गुरुवार, रात्री ९:०५

स्टेबल केलं, आज एकदाच ओटीपी लागला. ३० मिनिटांत अपडेट पूर्ण होत नाहीत, मध्येच तुटलं तर सगळं वाया जाते का?

रामटेकी · गुरुवार, रात्री ९:२५

नाही जात. ‘ॲप्ट’ला ‘डाउनलोड ओन्ली’ हा पर्याय देऊन स्टेशनावर नुसतं उतरवून घे, तुटलं तर दुसऱ्या दिवशी उरलेलं उतरेल. इन्स्टॉल घरी, नेट नसताना होते. मोठी एखादी फाइल असेल तर ‘डब्ल्यूगेट’ला सी हा पर्याय दे, म्हणजे जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होते. १ एमबीपीएसनं ३० मिनिटांत जास्तीत जास्त सव्वादोनशे एमबी उतरते. त्या हिशेबानं आधी सुरक्षेचे अपडेट घे, लिबरऑफिससारखी मोठी पॅकेजं नंतर.

नवेगाव · गुरुवार, रात्री १०:००

आता माझं पाहता का काका? ‘आरएफकिल लिस्ट’ टाकलं तर फक्त ब्लूटूथ दिसते, सॉफ्ट ब्लॉक्ड नो, हार्ड ब्लॉक्ड नो. वायफायची ओळच नाही. ‘एलएसपीसीआय’मध्ये रिअलटेक आरटीएल ८८२१ सीई असं नाव आहे. मिंट २० आहे.

रामटेकी · गुरुवार, रात्री १०:२०

कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर नाही. मिंट २० सोबत ५.४ चं कर्नल येते. ८८२१ सीई चा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ५.९ पासून आला. त्यामुळे नवं कर्नल हवं.

वायफाय नसताना ते उतरवायचं कसं हा पुढचा प्रश्न, तर फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. लिनक्सला ते तारेचं नेट वाटते, कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलनं फोन दिसणार नाही. मग अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू, लिनक्स कर्नल्स, तिथून ५.१५ टाक आणि रीस्टार्ट कर. जुनं कर्नल लगेच काढू नकोस. नवं चाललं नाही तर सुरू होताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्यावर परत येता येते.

नवेगाव · शुक्रवार, रात्री ८:३०

५.१५ टाकलं. पहिली केबल नुसती चार्जिंगचीच निघाली, शेजारच्यांकडून दुसरी आणली. रीस्टार्ट झाल्याबरोबर वायफायची यादी आली, घराजवळच्या सगळ्यांची नावं दिसली. उद्या गोंदिया स्टेशनावर जातो आहे, तिथं ओटीपीच्या पानाचं काय होते ते याच धाग्यावर कळवतो.

सेतूवाला · शुक्रवार, रात्री ९:१०

नवेगाव भाऊ, निघण्याआधी तारीख पाहून घ्या.